डिझाईनचं सगळं काम नव्या कॉम्प्युटरवर हलवायचंय: कोरल, फोटोशॉप आणि जुने मराठी फाँट

मालवणची अक्षरं · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मालवणच्या बाजारात आमचं डिझाईनचं छोटं दुकान आहे. बाबांनी स्क्रीन प्रिंटिंगपासून सुरू केलं, आता मी बघते. लग्नपत्रिका, होमस्टेचे बोर्ड, कोकम आगळाच्या बाटल्यांची लेबलं, दशावताराचे बॅनर, आणि फेब्रुवारी लागला की हापूसच्या पेट्या.

आमचा कॉम्प्युटर २०१५चा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे त्यावर विंडोज ११ चढत नाही. खाऱ्या हवेनं मागचे पोर्टही गंजलेत, एका यूएसबीला तर नुसता हात लागला तरी वायर निसटते. शेवटी नवीन मशीन घेतलं.

जुन्यावर कोरल एक्स-सेव्हन हे डिझाईनचं सॉफ्टवेअर आहे, त्याची डिस्क आणि सिरीयल नंबर जपून ठेवलाय. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर महिन्याच्या वर्गणीवर. श्रीलिपी हे मराठी फाँटांचं सॉफ्टवेअर आहे, यूएसबीला लावायच्या त्याच्या परवान्याच्या लॉकसकट. आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या, बाबांच्या काळातल्या फाईली. कामं सगळी डी ड्राइव्हवर, वर्षवार फोल्डर.

काल एक फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्यावर उघडून बघितला. देवगडच्या एका बागायतदाराचं पेटीचं लेबल, इलस्ट्रेटरमधलं. 'अस्सल देवगड हापूस' जिथे होतं तिथे इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलरची खूण, कंसांचे तुकडे. आंब्याच्या फोटोच्या जागी नुसती रिकामी चौकट. छातीत धस्स झालं. दहा-बारा वर्षांचं काम असंच उघडणार असेल तर करायचं काय? पंधरा दिवसांत पेट्यांची लेबलं छापायला द्यायची आहेत. कुणी हे नीट पार पाडलंय का?

चिपळूण छापखाना · सोमवार, रात्री १०:२५

ताई, फाईल बिघडलेली नाही, एवढं आधी मनातून काढून टाका. फाँट आणि फोटो मागे राहिलेत, बस.

मी हे फार वाईट रीतीनं शिकलो म्हणून सविस्तर लिहितो. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या दुकानात शिरलं तेव्हा दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, कटिंग प्लॉटर सगळं चिखलात गेलं. बाहेरची हार्डडिस्क होती, बॅकअप नियमित घेत होतो, पण ती त्याच टेबलाच्या खणात. तीही गेली. पुढे नवीन मशीन घेतलं, सॉफ्टवेअर चार दिवसांत बसलं. बरीचशी कामं गिऱ्हाईकांच्या ईमेलमधून आणि व्हॉट्सॅपवरून परत मिळाली. जे कुठूनच मिळालं नाही ते म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेले फाँट, फोटोशॉपच्या ॲक्शन (एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवायच्या कृती), ब्रश, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाचे ठरलेले रंग. तेव्हा समजलं की आपली मिळकत नेमकी कशात असते.

तर माझं म्हणणं असं. सॉफ्टवेअर हलवायचं नसतं, ते नव्यानं बसवायचं असतं. प्रोग्राम फाईल्समधला फोल्डर उचलून नेला तर चालत नाही, कारण त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) आणि विंडोजमध्ये इतरत्र पसरलेल्या असतात. हलवायचं ते आपण स्वतः घडवलेलं: कामाच्या फाईली, त्यांना जोडलेले फोटो, फाँट, आणि सॉफ्टवेअरला लावलेल्या आपल्या सवयी.

फोटोच्या रिकाम्या चौकटीबद्दल. इलस्ट्रेटर आणि पानं जुळवायचं इनडिझाईन फोटो फाईलमध्ये भरत नाहीत, आपण 'एम्बेड' केलं नसेल तर फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवतात. फोटो डी ड्राइव्हवर २०२३च्या फोल्डरात असेल तर तसाच पूर्ण पत्ता. नव्या मशीनवर डी नसेल तर फोटो सापडणार कसा? म्हणून सगळ्यात सोपं काम आधी करा: नव्या मशीनवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन कामासाठी वेगळा भाग पाडा, त्याला डी हेच अक्षर द्या, आणि फोल्डरांची नावं एका अक्षरानंही न बदलता जसंच्या तसं उतरवा. नव्या घरात गेल्यावर आवराआवर करायची इच्छा होते, मलाही झाली होती. ती दोन महिन्यांनी करा.

कोकमसरबत · मंगळवार, सकाळी ७:५०

मला एक शंका आहे. जुन्या हार्डडिस्कची पूर्ण क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून नव्या मशीनवर टाकली तर हे सगळं एका फटक्यात होणार नाही का?

चिपळूण छापखाना · मंगळवार, सकाळी ९:१०

होईलही, पण मग तेच जुनं विंडोज १० नव्या मशीनवर येऊन बसणार, त्याच्या जुन्या ड्रायव्हरांसकट. नवीन मशीन ज्या कारणानं घेतलं ते कारणच उरत नाही. मात्र जुन्या डिस्कची एक पूर्ण इमेज (सगळ्या डिस्कची प्रत एका फाईलमध्ये) काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा, हे शंभर टक्के बरोबर. सहा महिन्यांनी एखादी विसरलेली गोष्ट आठवली तर तिथून उचलता येते.

जुना कंपोझिटर · मंगळवार, दुपारी ३:१५

रत्नागिरीत मी छपाईचे खिळे जुळवण्यापासून डीटीपीपर्यंत (कॉम्प्युटरवरच्या पानजुळणीपर्यंत) सगळं केलं आहे, म्हणून फाँटांचं मी सांगतो. तुमच्या हलवाहलवीत हाच भाग सगळ्यात नाजूक आहे.

युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे मराठी फाँट, मग ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असो, सी-डॅकचं आयएसएम असो की आकृती, सगळ्यांनी एकच युक्ती केली होती. इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरी आकार बसवले. म्हणजे तुमच्या फाईलमध्ये 'हापूस' असा शब्द साठवलेलाच नाही, साठवली आहेत इंग्रजी खणांची चिन्हं. फाँट हजर असेल तोवर त्या चिन्हांवर मराठी आकार चढतात, फाँट गेला की खालची चिन्हं उघडी पडतात. तुम्ही पाहिलेला डॉलर तोच. आणि प्रत्येक कंपनीची खणांची मांडणी वेगळी, म्हणून एकाच्या जागी दुसरीचा फाँट लावून चालत नाही. वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे असं होतं.

आता कृती. विंडोजचा फाँट फोल्डर कॉपी केला म्हणजे सगळे फाँट आले असं समजू नका. २०१८च्या शेवटी विंडोज १०मध्ये एक बदल झाला. तेव्हापासून फाँटवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबलं तर तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि त्याची फाईल वेगळ्या ठिकाणी जाते: आपल्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा, त्यात लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स. ॲपडेटा हा फोल्डर लपवलेला असतो, आधी लपलेल्या गोष्टी दाखवा हा पर्याय चालू करावा लागतो. दोन्ही ठिकाणचे फाँट घ्या. नव्या मशीनवर बसवताना सगळे निवडून उजवं बटण दाबा आणि 'सर्व वापरकर्त्यांसाठी' बसवा. काही जुन्या सॉफ्टवेअरांना एका वापरकर्त्यापुरते बसवलेले फाँट दिसतच नाहीत, आणि माणूस फाँट बसवूनही का दिसत नाही म्हणून डोकं धरून बसतो.

दुसरं. पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीनं येणारे टाईप वन फाँट तुमच्या बाबांकडे असतील तर फोटोशॉप-इलस्ट्रेटर बनवणाऱ्या अडोबीनं त्यांचा आधार जानेवारी २०२३मध्ये बंद केलाय, फोटोशॉपमधून तर ते २०२१लाच गेले. तसे फाँट वापरलेली कामं जुन्या मशीनवरच उघडा आणि मजकुराचं आउटलाईन करून (अक्षरांचे नुसते आकार करून) वेगळी प्रत ठेवा. मूळ फाईलवर आउटलाईन करू नका, पुढे पिनकोड जरी बदलायचा झाला तरी सगळं पुन्हा जुळवावं लागेल.

तिसरं, कोरलबद्दल. फाँट नसताना फाईल उघडली की कोरल दुसरा फाँट लावू का म्हणून विचारतं. तात्पुरता बदल आणि कायमचा बदल असे दोन पर्याय येतात. कायमचा कधीही निवडू नका. त्यानंतर सेव्ह केलंत तर मूळ फाँटचं नावही फाईलमधून जातं.

वेंगुर्ला काजू · मंगळवार, संध्याकाळी ६:०५

बाय, जुनो कॉम्प्युटर इतक्यात कोणाक देव नको. आमी एक्सचेंजात दिलो आणि मगे कळला की काजूच्या पाकिटांचे सगळे फोटो डेस्कटॉपवर रवले. ते परत गावाक नाय. निदान येतो पावसाळो संपासर तरी तो घरात ठेव.

मालवणची अक्षरं · मंगळवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं तसंच निघालं. विंडोजच्या फोल्डरातून फाँट मी आधीच घेतले होते, पण ॲपडेटामध्ये आणखी ८६ सापडले. पेट्यांवर मी जो ठसठशीत फाँट वापरते तो नेमका त्यातच होता. श्रीलिपी नव्यावर बसवली, लॉक लावला, सर्व वापरकर्त्यांसाठी फाँट चढवले, आणि इलस्ट्रेटर बंद करून परत उघडलं. 'अस्सल देवगड हापूस' जसंच्या तसं आलं. 'स्स'चा जोडाक्षराचा आकारसुद्धा.

डी ड्राइव्हही पाडला. पण आंब्याचा फोटो तरी आला नाही. लिंक्सच्या पॅनेलमध्ये त्याचा पत्ता बघितला तर डेस्कटॉपवरच्या 'नवीन फोटो' नावाच्या फोल्डराचा. वेंगुर्ल्याच्या दादांनी लिहिलं तेच. घाईत गिऱ्हाईकानं पाठवलेला फोटो डेस्कटॉपवर उतरवायचा आणि तिथूनच ओढून लावायचा ही माझी सवय. अशी किती कामं असतील कोण जाणे.

अलिबाग फ्लेक्स · बुधवार, सकाळी १०:४०

मॅडम, त्यावर उपाय आहे. जुन्या मशीनवर, जिथे सगळे फोटो अजून जागेवर आहेत तिथे, चालू कामांच्या फाईली एकेक उघडून फाईल मेनूतलं 'पॅकेज' वापरा. इलस्ट्रेटर आणि इनडिझाईन दोन्हींत आहे. ते फाईल, जोडलेले फोटो आणि फाँट एका फोल्डरात गोळा करून देतं. कोरलमध्ये त्यालाच 'कलेक्ट फॉर आउटपुट' म्हणतात. सगळ्या दहा वर्षांचं करत बसू नका. दर वर्षी परत येणारी गिऱ्हाईकं तेवढी करा, बाकी डिस्कवर जसंच्या तसं राहू दे.

डेस्कटॉपबद्दल आणखी एक. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपवर दिसणारी फाईल प्रत्यक्षात मशीनवर असेलच असं नाही. ढगाचं चिन्ह असेल तर ती फक्त इंटरनेटवर आहे. कॉपी करण्याआधी त्या फोल्डरावर उजवं बटण दाबून 'नेहमी या डिव्हाइसवर ठेवा' करून घ्या.

आता फोटोशॉप-इलस्ट्रेटरचं. वर्गणीच्या खात्यावर एका वेळी दोन मशीनवर साइन-इन राहता येतं, त्यामुळे थोडे दिवस दोन्ही चालवा, घाई नाही. शेवटी जुन्यावर हेल्प मेनूतून साइन-आउट करा. ब्रश, ॲक्शन, ग्रेडियंट, स्वॉच यांच्यासाठी फोटोशॉपमध्ये एडिट मेनूत प्रीसेट्स एक्सपोर्ट-इम्पोर्ट आहे. तरी माझा सल्ला, ॲक्शनचे संच ॲक्शन पॅनेलमधून हातानं वेगळे सेव्ह करा. आमच्याकडे बॅनरच्या मापांची ॲक्शन आहे, तिच्यावर रोजचं निम्मं काम चालतं, ती दोन ठिकाणी ठेवलेली असते.

आणि फोटोशॉपच्या थोड्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठी टाईप करताना वेलांटी उलट्या बाजूला पडली तर घाबरू नका. प्रेफरन्सेसमध्ये टाईपखाली 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. आधीच तयार असलेल्या मजकुराला मात्र परिच्छेदाच्या पॅनेलमधून वेगळं लावावं लागतं.

मालवणची अक्षरं · बुधवार, रात्री ९:१५

आज ४२ गिऱ्हाईकांची पॅकेजं झाली. कॉपी करताना दोन अडचणी आल्या. एक मोठी बॅनरची फाईल पेनड्राइव्ह घेईचना, आणि काही फोल्डर 'नाव फार लांब आहे' म्हणून मागे राहिले.

चिपळूण छापखाना · बुधवार, रात्री १०:००

पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार, तो ४ जीबीवरची फाईल घेत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या, फॉरमॅटनं आतलं सगळं जाईल हे लक्षात ठेवून. लांब नावांचं कारण, विंडोजचा एक्सप्लोरर फोल्डरांसकट पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपर्यंतच सांभाळतो. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही कमांड त्यापेक्षा लांब पत्ते घेते, मध्येच वीज गेली तर पुन्हा चालवल्यावर राहिलेल्या फाईलीच उचलते, आणि फाईलींच्या तारखा तशाच ठेवते. आपल्या धंद्यात तारीख मोलाची असते, गिऱ्हाईक 'मागच्या शिमग्याला केलेलं' असंच सांगतं.

झाल्यावर दोन्हीकडे फोल्डरावर उजवं बटण, प्रॉपर्टीज, आणि फाईलींची संख्या ताडून बघा. एकानंही फरक असेल तर शोधा. आणि दुसरी प्रत दुकानात नको. घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

कोकमसरबत · गुरुवार, दुपारी १:२०

माझ्याकडचं कोरल विकतचं नाही, एका दुकानदारानं मशीनबरोबर टाकून दिलेलं. ते नव्यावर कसं न्यायचं?

जुना कंपोझिटर · गुरुवार, दुपारी ४:३०

ते नेऊ नका, असं मी तळमळीनं सांगतो. असल्या प्रतींबरोबर काय काय मशीनमध्ये शिरतं याचा भरवसा नाही, आणि त्याच मशीनवर तुम्ही गिऱ्हाईकाचे पैसे घेता, बँक उघडता. आता सोयही आहे. ॲफिनिटी हे सॉफ्टवेअर २०२५च्या ऑक्टोबरपासून फुकट मिळतं, इंकस्केप तर पहिल्यापासून मुक्त आहे. इंकस्केप कोरलच्या फाईली उघडतं, सगळं तंतोतंत येत नाही, पण आकार हाताशी येतात. आहे तोवर तुमची सीडीआर, म्हणजे कोरलची, कामं पीडीएफ आणि एसव्हीजीमध्ये काढून ठेवा. नव्या कामाला युनिकोड फाँट घ्या, 'एक टाईप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे दोन्ही फाँट मुक्त परवान्याचे आहेत आणि लेबलावर छान उठतात.

ताईंसाठी: तुमचं एक्स-सेव्हन हे विंडोज ११च्या बऱ्याच आधीचं, ११साठी त्याला अधिकृत आधार नाही. बसवून बघा, पण धंदा त्यावर टांगू नका. पुढे नवीन कोरल घेतलंत तर त्यात सेव्ह केलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. छापखान्याकडे जुनी आवृत्ती असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये तीच आवृत्ती निवडून द्या.

मालवणची अक्षरं · गुरुवार, रात्री १०:५०

काका, आणि बाबांच्या पेजमेकरच्या फाईलींचं काय? त्या काळातल्या पत्रिका आहेत, देवळांच्या शताब्दीच्या स्मरणिका आहेत. कोणी परत छापायला येणार नाही, पण टाकवतही नाहीत.

जुना कंपोझिटर · शुक्रवार, सकाळी ८:१०

टाकू नकाच. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची. पेजमेकर ६पासूनच्या फाईली इनडिझाईन उघडायचं, पण ती सोय सीएस६ या जुन्या आवृत्तीपर्यंतच होती, आताच्या इनडिझाईनमध्ये नाही. तुमच्या भागात कुणाकडे विकतचं सीएस६ असेल तर त्यांच्याकडे बसून फाईली उघडा आणि आयडीएमएल या इनडिझाईनच्या अदलाबदलीच्या प्रकारात काढून घ्या, मग नव्यात चालतील. ते जमलं नाही तर जुन्या मशीनवर पेजमेकर चालतंय तोवर प्रत्येक फाईलची फाँटसकट पीडीएफ काढा. बदल करता येणार नाहीत, पण पान जसं होतं तसं राहील.

आणि हे काम बाबांना बरोबर घेऊन करा. कोणत्या पत्रिकेला कुठला फाँट होता हे त्यांना बघताक्षणी सांगता येईल, सॉफ्टवेअरला नाही.

मालवणची अक्षरं · पुढच्या गुरुवारी, रात्री ९:३०

कळवायचं राहिलं होतं. पहिलं लेबल नव्या मशीनवरून छापून आलं.

पडद्यावर केशरी जास्तच भडक दिसत होता, म्हणून मी रंग उतरवायला निघाले होते. अलिबागच्या दादांनी निरोपात थांबवलं: नवीन पडदा जुन्यापेक्षा उजळ आहे, फाईलमधले सीएमवायकेचे (छपाईच्या चार शायांचे) आकडे तेच आहेत, आकडे बघ, पडदा बघू नको. जुन्या मशीनवरून रंगांची प्रोफाईलही आणली, ती विंडोजच्या सिस्टम३२मध्ये स्पूल, ड्रायव्हर्स, कलर अशा फोल्डरात होती. मग गेल्या वर्षीची उरलेली पेटी माळ्यावरून काढली आणि नवीन लेबल तिच्याशेजारी धरलं. केशरी जुळला, देठाजवळचा हिरवाही जुळला. रंग उतरवला असता तर सगळी छपाई फिकी आली असती.

बाबांनी भिंग आणून 'स्स'ची कड बघितली, मग 'हापूस'चा ऊकार. मग म्हणाले, आता पेजमेकरचं उघड.

जुन्या कॉम्प्युटरवरचं साइन-आउट अजून केलेलं नाही. तो मागच्या खोलीत पंख्याखाली ठेवलाय, रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर आम्ही दोघं बसतो. आजवर १९ स्मरणिकांच्या पीडीएफ झाल्या. एका फाईलचा फाँट बाबांनाही ओळखता आला नाही. काका, त्याचं पान इथे चिकटवते, तुम्ही बघाल का?

जुना कंपोझिटर · पुढच्या गुरुवारी, रात्री ९:५२

पाठवा. जागा आहे मी.